उलटणारी गाय आणि रक्ताची वाट



पत्रिकेवर आजचा विषय दोन तुकड्यांत छापला आहे : हृदयातल्या रक्तप्रवाहाचं मोजमाप, आणि गर्भाशयाच्या दाहाचा माजाच्या चक्रावर होणारा परिणाम. हे दोन विषय एका तासात कसे बसवणार, असं काहींनी मला विचारलं. विषय मीच सुचवला होता, आणि विचार करून सुचवला होता. हृदयातला रक्तप्रवाह मोजण्यासाठी जे तंत्र जन्माला आलं, तेच आज आम्ही गाईच्या अंडाशयावर वापरतो. गाईचं माजाचं चक्र कोण चालवतं, या प्रश्नाचं उत्तरही शेवटी एका शिरेच्या आणि एका धमनीच्या शेजारात सापडलं. म्हणून रक्ताच्या वाटेनं गेलो, तर गर्भाशयाचा आजार जास्त नीट कळतो.

सुरुवात मात्र गोठ्यापासून करतो. गोठ्यावर गेलं की एक तक्रार हमखास कानावर येते, ‘डॉक्टर, गाय उलटते.’ माजावर येते, भरवली जाते, एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर येते. तीन-चार वेळा असं झालं की सुया बदलतात, रेतन करणारा माणूस बदलतो, वळू बदलतो, आणि शेवटी गाईला बाजार दाखवला जातो. दुसरी तक्रार याच्या उलट असते : ‘व्याली त्याला तीन महिने झाले, पण माजच दाखवत नाही.’ या दोन्ही तक्रारींची मुळं अनेक ठिकाणी असतात. चारा कमी पडतो, खनिजं कमी पडतात, माज ओळखला जात नाही, रेतनाची वेळ चुकते. हे सगळं मला मान्य आहे. पण त्यातलं एक मूळ आपण सतत उशिरा शोधतो, आणि ते म्हणजे व्यायल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात पिशवीत, म्हणजे गर्भाशयात, राहिलेला दाह. आज मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

आधी रक्तप्रवाहाचं मोजमाप. या शास्त्राचा इतिहास जनावरांच्या अंगावर लिहिलेला आहे, हे आपल्या क्षेत्रातल्या मुलांना ठाऊक असायला हवं. हृदय रक्त फिरवतं, हे विल्यम हार्वेनं १६२८ साली मांडलं. ते रक्त किती जोरानं फिरतं, हे पहिल्यांदा दिसलं एका घोडीत. इंग्लंडमधले धर्मोपदेशक स्टीफन हेल्स यांनी घोडीच्या मांडीतली धमनी उघडून तिला पितळी नळी जोडली आणि तिच्यावर काचेची उंच नळी उभी केली. रक्त हृदयाच्या पातळीच्या वर आठ फूट तीन इंच चढलं. १७३३ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. ती घोडी त्या प्रयोगात गेली. पुढची जवळजवळ दोनशे वर्षं रक्तप्रवाह मोजायचा म्हणजे शरीर उघडायचं, असंच चाललं.

१८६१ च्या सुमारास ल्योंच्या पशुवैद्यक शाळेतले ओग्यूस्त शोव्हो आणि त्यांचे सहकारी एतिएन-झ्यूल मारे यांनी जागेपणी उभ्या असलेल्या घोड्याच्या मानेतल्या शिरेतून थेट हृदयात नळी नेली आणि आतला दाब कागदावर उमटवला. शोव्हो पशुवैद्य होते, हे मी मुद्दाम सांगतो. हृदयात नळी घालण्याची गोष्ट निघाली की १९२९ साली स्वतःच्या हाताच्या शिरेतून नळी घालून घेणाऱ्या व्हेर्नर फोर्समान यांचं नाव निघतं, आणि ते निघायलाच हवं. १९५६ चं नोबेल त्यांना कुर्नां आणि रिचर्ड्स यांच्यासह मिळालं. पण ती वाट घोड्यानं आधी दाखवली होती.

मधल्या काळात, १८७० साली, आडोल्फ फिक यांनी एक सरळ हिशेब मांडला. शरीरानं एका मिनिटात किती प्राणवायू घेतला ते मोजा. फुप्फुसात जाणाऱ्या आणि तिथून परतणाऱ्या रक्तात प्राणवायूचा फरक किती आहे ते मोजा. पहिल्याला दुसऱ्यानं भागा. हृदयानं मिनिटाला किती रक्त ढकललं, ते निघतं. फिक यांनी स्वतः ते मोजमाप केलं नाही. ते आधी कुत्र्यावर झालं आणि १८९८ साली झुंट्स व हागेमान यांनी घोड्यावर केलं. आजही हृदयाच्या मोजमापाच्या नव्या पद्धतीची पारख करताना हा हिशेब आधाराला घेतात.

शरीर न उघडता प्रवाह पाहण्याची वाट आवाजानं काढून दिली. ख्रिस्तियान डॉप्लर यांनी १८४२ साली प्राग इथं मांडलेला विचार जोड-ताऱ्यांच्या रंगाबद्दल होता : लहरी सोडणारी वस्तू जवळ येत असेल तर लहरींची वारंवारता वाढलेली भासते, दूर जात असेल तर घटलेली. तीनच वर्षांनी हॉलंडमध्ये बाइस बॅलट यांनी आगगाडीवर तुतारीवाले बसवून ध्वनीच्या बाबतीत त्याची खातरजमा केली. १९५३ साली स्वीडनमधल्या लुंड इथं डॉ. इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हेल्मुट हर्ट्झ यांनी माणसाचं धडधडतं हृदय ध्वनिलहरींनी टिपलं, आणि त्यासाठीचं पहिलं यंत्र जहाजबांधणीच्या कारखान्यातून उसनं आणलं होतं. तिथं ते धातूतले दोष शोधायला वापरत. मग जपानमध्ये ओसाकाला शिगेओ सातोमुरा यांनी डॉप्लरचं तत्त्व हृदयावर लावलं. १९५७ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. रक्तातल्या तांबड्या पेशींवरून परतणाऱ्या ध्वनीत जो फरक पडतो, त्यावरून रक्त कोणत्या दिशेला आणि किती वेगानं चाललं आहे हे कळतं. १९८० च्या दशकात या प्रवाहाला पडद्यावर रंग मिळाले. यंत्राकडे येणारं रक्त साधारणपणे तांबडं दाखवतात आणि दूर जाणारं निळं.

गाईच्या हृदयावर हे यंत्र लावणं सोपं नाही. तिचं हृदय पुढच्या पायांच्या कोपरांआड दडलेलं असतं. पाय पुढे ओढून धरावा लागतो, फासळ्यांमधल्या फटीत यंत्राचं टोक दाबून बसवावं लागतं, आणि गाय शांत असावी लागते. पण ते करण्यासारखं आहे. आपल्याकडे गाय चाऱ्याबरोबर तार, खिळा, सुई गिळते. ती जाळपोटातून पुढे सरकून हृदयावरच्या आवरणात घुसते. गळ्याखालच्या पोळीला सूज येते, मानेची शीर दोरखंडासारखी फुगते, कोपरं बाहेर काढून गाय उभी राहते आणि कान लावला तर ठोके खोलवरून आल्यासारखे येतात. इतकं दिसेपर्यंत बहुतेकदा उशीर झालेला असतो. आवरणात साचलेला पू आणि त्यानं दाबलेलं हृदय ध्वनिचित्रात त्याआधी दिसू शकतं. हा विषय एका वेगळ्या व्याख्यानाचा आहे. मी पुढे जातो.

रक्तप्रवाह यंत्राशिवाय जाणण्याची एक रीत आमच्या व्यवसायात फार जुनी आहे. गाभण तपासणी करताना डॉक्टर गुदाशयातून हात घालतो, कंबरेच्या हाडाच्या पुढे बोटं नेतो आणि गर्भाशयाची मधली धमनी दोन बोटांत धरतो. हाडाला चिकटलेल्या धमन्या सरकत नाहीत. ही मात्र बोटांत धरून हलवता येते. गाय चार महिन्यांच्या आसपास गाभण असेल, तर या धमनीत नाडीचा नेहमीचा ठोका लागत नाही. त्याऐवजी एक सलग थरथर लागते. आम्ही तिला फ्रेमिटस म्हणतो. वासराकडे जाणारं रक्त इतकं वाढलेलं असतं की धमनीची भिंत ठोका देण्याऐवजी घरघरते. गाभणपणाच्या शेवटी गर्भाशयाकडे मिनिटाला दहा लिटरच्या पुढे रक्त जातं. पहिल्यांदा ती थरथर बोटांना लागते तेव्हा विद्यार्थ्याचा चेहरा बदलतो, आणि मी दरवर्षी त्या चेहऱ्याची वाट पाहतो. गाय व्याली, वार पडली, की हा प्रवाह पहिल्या काही दिवसांतच झपाट्यानं उतरतो. वार अडकली किंवा पिशवीत दाह राहिला, तर तो उतरायला वेळ लागतो. जर्मनीतल्या संशोधकांनी गुदाशयातून डॉप्लर लावून हे दाखवलं आहे. सूज आहे तिथं रक्त जास्त जातं, हे आपल्या बोटाच्या फोडावरही खरं आहे आणि गाईच्या पिशवीतही.

आता चक्राकडे येऊ. गाईचं आणि म्हशीचं माजाचं चक्र साधारण एकवीस दिवसांचं. माज ओसरल्यानंतर दहा-बारा तासांनी अंडाशयातून बीज सुटतं, आणि जिथून ते सुटलं त्या जागी पीतपिंड तयार होतो. आमच्या बोलण्यात तो ‘सीएल’. तो प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार करतो, आणि प्रोजेस्टेरॉन आहे तोवर माज येत नाही. गर्भ राहिला नाही तर सतराव्या दिवसाच्या सुमारास पीतपिंड विरघळू लागतो, आणि काही दिवसांत गाय पुन्हा माजावर येते. मग प्रश्न असा, की गर्भ राहिला नाही हे अंडाशयाला कोण सांगतं?

याचं पहिलं सूत्र लिओ लोब यांना १९२३ साली गिनीपिगमध्ये मिळालं. गर्भाशय काढून टाकलं की अंडाशयावरचे पीतपिंड विरघळेचनात. १९५६ साली विल्टबँक आणि कॅसिडा यांनी गाई-मेंढ्यांमध्ये हेच पाहिलं. म्हणजे पीतपिंडाचा शेवट गर्भाशय करतं. पुढचे प्रयोग तर फार देखणे आहेत. गर्भाशयाला दोन शिंगं असतात. पीतपिंड ज्या बाजूच्या अंडाशयावर आहे त्याच बाजूचं शिंग काढलं, तर पीतपिंड टिकून राहतो. समोरच्या बाजूचं काढलं तर काही फरक पडत नाही, चक्र चालू राहतं. म्हणजे निरोप सगळ्या शरीरातून फिरून येत नाही, शेजारून येतो. मेंढीचं अंडाशय शस्त्रक्रियेनं मानेत नेऊन लावलं, तर पीतपिंड विरघळत नाही. अंडाशय आणि गर्भाशय दोन्ही जोडीनं मानेत लावली, तर चक्र पूर्ववत चालतं. शेजार महत्त्वाचा आहे.

तो निरोप म्हणजे प्रोस्टाग्लँडिन एफ-टू-अल्फा, हे जॉन मॅक्क्रॅकन आणि सहकाऱ्यांनी १९७२ साली मेंढीत दाखवलं. तो जातो कसा, हे ऐका. गर्भाशयातून निघालेली शीर अंडाशयाजवळून जाते, आणि अंडाशयाची नागमोडी धमनी तिला झाडाला वेल लपेटावी तशी बिलगलेली असते. शिरेतलं प्रोस्टाग्लँडिन दोघींच्या पातळ भिंती ओलांडून धमनीत उतरतं आणि सरळ अंडाशयात पोचतं. शरीरभर फिरून गेलं असतं तर फुप्फुसातून जाताना त्याचा मोठा भाग निकामी झाला असता. निसर्गानं ती वाट टाळून जवळची वाट घेतली. घोडीत मात्र हा शेजार नाही, तिथं निरोप सगळ्या शरीरातून फिरूनच जातो. घोडीचं आणि गाईचं शास्त्र सरसकट एक समजू नये ते यासाठी.

गर्भ राहिला, तर पंधराव्या-सोळाव्या दिवसाच्या सुमारास तो इंटरफेरॉन-टाऊ नावाचं प्रथिन सोडतो, आणि गर्भाशय प्रोस्टाग्लँडिनच्या लाटा सोडायचं थांबवतं. पीतपिंड टिकतो. म्हणजे गर्भाशयाच्या अस्तराला दोन कामं नेमकी वेळेवर करायची असतात : गर्भ नसेल तर निरोप पाठवायचा, गर्भ असेल तर रोखून धरायचा. ज्या अस्तराला सूज आहे, जिथं पू आहे, पेशी झडत आहेत, ते अस्तर ही कामं वेळेवर कशी करणार?

गाय व्याली तेव्हा तिची पिशवी सुमारे नऊ किलोची असते. महिन्याभरात ती आकसून एक किलोच्या आसपास येते. या काळात तिचं तोंड उघडं असतं, आत रक्त असतं, वारेचे अवशेष असतात. पहिल्या दोन आठवड्यांत जवळजवळ प्रत्येक गाईच्या पिशवीत जिवाणू शिरतात. हे ऐकून कुणी घाबरू नये. बहुतेक गाई ते स्वतःच्या बळावर बाहेर काढतात. पांढऱ्या पेशी धावून येतात, पिशवी आकसते, घाण बाहेर पडते. ज्या गाईंत हे काम अर्धवट राहतं, तिथं आजार ठाण मांडतो. आधी ई. कोलाय येतो आणि अस्तर कमजोर करतो. त्यामागून ट्रूपेरेला पायोजेनिस आणि हवेशिवाय जगणारे इतर जिवाणू येतात. ट्रूपेरेला एक विष सोडतो, ते अस्तराखालच्या पेशींच्या आवरणाला भोकं पाडतं. पहिल्या दहा दिवसांत पातळ, तांबूस-तपकिरी, दुर्गंधी स्राव आणि ताप असेल, तर तो आजार गाईच्या जिवावर बेततो आणि तिथं लगेच उपचार लागतात. एकवीस दिवसांनंतरही पू मिसळलेला स्राव येत असेल, तर तो अस्तराचा दाह. तिसरा प्रकार सगळ्यांत फसवा आहे : बाहेर काहीच दिसत नाही, स्राव स्वच्छ, पण अस्तरावरून ब्रशनं पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तर पांढऱ्या पेशींचं प्रमाण वाढलेलं असतं. ही गाय वेळेवर माजावर येते, भरवली जाते, आणि उलटते.

दाह चक्राला किती ठिकाणी धक्का देतो ते पाहा. ई. कोलायच्या आवरणातलं विष रक्तात जातं. ते मेंदूपर्यंत पोचलं तर बीज सोडवणारा एलएच या संप्रेरकाचा लोंढा उशिरा येतो किंवा येतच नाही. तेच विष बीजपुटिकेतल्या, म्हणजे बीज जिच्यात वाढतं तिच्यातल्या, द्रवातही सापडतं. पुटिकेच्या पेशी त्याला ओळखतात आणि इस्ट्रोजेन कमी तयार करतात. पुटिका हळू वाढते, माजाची लक्षणं मंद राहतात, व्यायल्यानंतरचा पहिला माज लांबतो. आणि मघाशी सांगितलेला निरोपच बिघडतो. अस्तराच्या पेशी जिवाणूंच्या विषाला तोंड देताना एफ-टू-अल्फा कमी आणि प्रोस्टाग्लँडिन ई जास्त करू लागतात. हा दुसरा प्रकार पीतपिंडाला विरघळवत नाही, टिकवायला मदत करतो. मग असं होतं, की पिशवीत पू आहे, गर्भ नाही, पण अंडाशयाला वाटतं सगळं ठीक आहे. पीतपिंड तसाच राहतो. प्रोजेस्टेरॉन चालू राहतं, त्यामुळे पिशवीचं तोंड बंद, माज नाही, आणि शरीराची लढण्याची ताकदही कमी. पू आतच साचतो. आम्ही याला पायोमेट्रा म्हणतो. मालक मात्र समजतो, गाय गाभण आहे. तीन-चार महिने तो तिला गाभण म्हणून चारतो, आणि तपासणीत पिशवीत वासराऐवजी पू निघतो. धमनीची थरथर तिथं लागत नाही.

दाहानं चक्र नेहमी लांबतंच असं नाही. चक्राच्या सुरुवातीच्या दिवसांत पिशवीत आयोडीनसारखं चुरचुरणारं औषध सोडलं, तर अस्तर भडकून प्रोस्टाग्लँडिन लवकर सुटतं आणि गाय वेळेआधी माजावर येते; चक्राच्या शेवटी तेच औषध सोडलं, तर अस्तर खराब होऊन चक्र लांबतं. आपल्या गावांत सर्रास ‘पिशवी धुवून द्या’ असा आग्रह होतो, त्यात नेमकं हेच होत असतं. चक्राचा कोणता दिवस आहे हे न पाहता औषध सोडायचं, आणि मग गाय बारा-तेरा दिवसांनी माजावर आली तर औषध लागू पडलं असं मानायचं. माझा याला स्पष्ट विरोध आहे. पिशवीत प्रतिजैविक भरण्यालाही, कारण न तपासता, तितकाच विरोध आहे. ते दुधात उतरतं, आणि जिवाणूंना निगरगट्ट करतं.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आमचे सर गोठ्यात गेले की आधी विचारायचे, ‘वार किती वाजता पडली?’ बारा तासांत पडली तर उत्तम. चोवीस तास उलटले तर अडकली म्हणायची. खेडोपाडी अडकलेल्या वारेला दगड किंवा जुनी चप्पल बांधतात, आणि काही जण ती हात घालून ओढतात. सर ओढू देत नसत. ओढलेली वार तुटते, तुकडे आत राहतात, आणि अस्तराला जखमा होऊन जिवाणूंना दार मोकळं होतं. लोंबती वार स्वच्छ कात्रीनं आखूड करावी, ताप पाहावा, गाय खाते का ते पाहावं, आणि ताप आला तर डॉक्टरांना बोलवावं. उघड्या हातानं वार ओढण्याचा दुसरा धोका माणसाला आहे. गाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभडली आणि वार अडकली, तर ब्रुसेलोसिसची शंका घ्यायलाच हवी. तो आजार माणसात येतो. महिनोन्‌महिने येणारा-जाणारा ताप आणि सांधेदुखी त्यानं होते, आणि आमच्या व्यवसायातल्या अनेकांनी तो भोगला आहे. कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात एकदाच टोचायची लस आहे, आणि २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती दिली जाते. ती चुकवू नका.

तपासणीला फार महागडं काही लागत नाही. माजावर आलेल्या गाईचा सोट, आपल्याकडे काही भागांत त्याला बळस म्हणतात, तळहातावर घेऊन उजेडात धरा. तो काचेसारखा स्वच्छ आणि तार धरणारा असायला हवा. त्यात पिठासारखे कण असतील, पांढुरकी रेघ असेल, तर त्या माजाला भरवू नका. शंका असेल तर डॉक्टर व्हाइट साइड चाचणी करू शकतात : परीक्षानळीत सोट आणि तेवढंच सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण घेऊन उकळायचं. पांढऱ्या पेशी जितक्या जास्त, तितका रंग पिवळा चढतो. तालुक्याच्या दवाखान्यातही हे पाच मिनिटांत होतं. म्हशीच्या बाबतीत एक ध्यानात ठेवा. गाईसारखा तिचा सोट लोंबत नाही. तो योनीच्या तळाशी साठतो आणि ती बसली की बाहेर पडतो. म्हणून पहाटे, शेण काढायच्या आधी, ती बसली होती ती जागा पाहायची. मुक्या माजाच्या म्हशीला दाह आहे की नाही, हे कित्येकदा फक्त त्या जागेवर दिसतं.

पीतपिंड टिकून राहिला असेल तर प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन गुणकारी आहे. ते गर्भाशयानं न पाठवलेला निरोप बाहेरून पोचवतं. पीतपिंड विरघळतो, माज येतो, तोंड उघडतं, पू बाहेर पडतो. पण पीतपिंडच नसेल तर त्याचा उपयोग नाही, आणि गाय गाभण असेल तर ती गाभडेल. गरोदर बाईनं आणि दमेकऱ्यांनी तर त्या बाटलीला हातही लावू नये. ते त्वचेतूनही शरीरात शिरतं. इथं डॉप्लर कामाला येतो. पीतपिंड आकारानं मोठा असला तरी जिवंत आहे का, हे त्याच्या रक्तावरून कळतं. रंगीत डॉप्लरमध्ये काम करणाऱ्या पीतपिंडाभोवती रंगांची कड दिसते. तो विझू लागला की आकार घटण्याआधी रंग घटतो. मजा अशी, की प्रोस्टाग्लँडिन पोचल्याबरोबर काही वेळ त्याच्या कडेचा प्रवाह वाढतो, मगच ओसरतो. रेतनानंतर विसाव्या दिवसाच्या आसपास पीतपिंडात रक्त उरलं नसेल, तर गाय गाभण नाही हे तेव्हाच सांगता येतं. पुढच्या माजाची वाट पाहत दोन महिने जात नाहीत. ही यंत्रं आज आपल्या महाविद्यालयांपुरती आहेत. जिल्ह्याच्या चिकित्सालयांत ती यायला हवीत, असं मी इथं जाहीरपणे म्हणतो.

सभागृहात भगिनी आहेत, म्हणून एक खुलासा. बाईच्या शरीरात पीतपिंडाचा शेवट गर्भाशय करत नाही. शस्त्रक्रियेत गर्भाशय काढून अंडाशयं ठेवली, तर पाळी थांबते पण अंडाशयाचं चक्र चालू राहतं. म्हणून गाईबद्दल मी जे सांगितलं ते जसंच्या तसं बाईला लावू नका. बाईच्या गर्भाशयाचा दाह वंध्यत्वाचं कारण होतो, आणि आपल्या देशात त्यात क्षयाचा वाटा मोठा आहे. पण त्याची वाट वेगळी आहे आणि त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञच हवेत.

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यांत कमी लक्षात घेतलेला. दाह बरा झाला, सोट स्वच्छ झाला, तरी काही गाई पुढचे दोन-तीन महिने उलटतच राहतात. अंडाशयातलं बीज एका रात्रीत पिकत नाही. लहान पुटिकेपासून सुटण्यापर्यंत त्याला तीन महिन्यांहून जास्त काळ लागतो. आज सुटणारं बीज तीन महिन्यांपूर्वी, पिशवीत पू असताना, वाढू लागलेलं असतं. संशोधकांनी निरोगी गाईंच्या पिशवीत जिवाणू सोडून काही महिन्यांनी त्यांची बीजं तपासली आहेत, आणि दाह ओसरल्यानंतरही त्या बीजांत फरक दिसला आहे. म्हणून चौथ्या महिन्यात उलटणाऱ्या गाईला चौथ्या महिन्यात शोधून कारण सापडत नाही.

ते कारण तिसऱ्या आठवड्यात शोधायला हवं होतं. आज गाईच्या कानात बारा आकडी पिवळा बिल्ला आहे, आणि त्या आकड्यावर रेतनाची तारीख, लसीची तारीख, वेताची तारीख नोंदवली जाते. दूध संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे, की आपल्या नोंदवहीत आणखी तीन रकाने पाडा : वार किती तासांत पडली, व्यायल्यानंतर दहा दिवसांत ताप आला का, आणि एकविसाव्या दिवशी स्राव कसा होता. हे रकाने भरायला घरातली बाई पुरेशी आहे, कारण व्यायल्यापासून गाईजवळ तीच असते. तिसरा रकाना ‘पू’ असा भरला, तर त्या गाईला साठाव्या दिवशी भरवण्याआधी डॉक्टरांनी पाहावं. इथं बसलेल्या संस्थांपैकी कुणी या हंगामात हे सुरू करत असेल, तर नोंदी कशा करायच्या ते दाखवायला आमच्या महाविद्यालयाचे विद्यार्थी गावात येतील. त्यांची जबाबदारी मी घेतो.